ज्युपिटर-३ (५० मिमी, एफ १.५): घेण्याआधी टॉर्च लावून बघायची लेन्स

ज्युपिटर-३ चांगली की वाईट, हे नावावरून ठरत नाही. क्रास्नोगोर्स्क, मग झागोर्स्क, मग वाल्दाई अशा सोव्हिएत कारखान्यांत ती १९५० पासून १९८० च्या दशकापर्यंत बनत राहिली. त्यानंतर हातोहाती फिरताना कितीतरी जणांनी ती उघडली, पुसली आणि जमेल तशी परत बसवली. काचेचं गणित, म्हणजे भिंगांची रचना, अव्वल; जोडणी मात्र ज्याच्या त्याच्या नशिबाची. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात वापरायची असेल तर वर आपला पावसाळा आहेच, आणि शेवटी खिशाला तोच जास्त चाट लावतो.

आधी गणिताबद्दल, कारण लेन्सचे गुण-दोष दोन्ही तिथूनच येतात. ते लुडविग बर्टेले यांचं. ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीत त्यांनी एर्नोस्टार ही लेन्स बेतली. १९२४ मध्ये आलेल्या एर्मानॉक्स कॅमेऱ्यावर ती होती आणि फ्लॅशशिवाय घरातले, सभागृहातले फोटो तिने शक्य केले. १९२६ मध्ये एर्नेमान झाइस इकॉनमध्ये विलीन झाली. तिथे बर्टेलेंनी त्याच कल्पनेतून सोनार घडवली, आणि १९३२ च्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी तिची एफ १.५ आवृत्ती आली. (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड, म्हणजे एपर्चर, मोठं आणि उजेड जास्त.) (नावाचा आपल्या दागिने घडवणाऱ्या सोनाराशी काही संबंध नाही. उच्चार खरं तर झोनार, आणि ते नाव नेटेल या जुन्या कॅमेरा कंपनीच्या झोंटहाइम गावावरून पडलेलं.)

त्या काळी काचेवर कोटिंग, म्हणजे उजेड परत फिरू न देणारा पातळ थर, नव्हतं. काच आणि हवा जिथे भेटतात अशा प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ ते ५ टक्के उजेड परत फिरायचा. तो नुसता वाया जात नाही, आतल्या आत आपटत फिल्मवर पसरतो आणि काळं ते राखाडी करतो. बर्टेलेंची युक्ती अशी की एर्नोस्टारमधली हवेची फट त्यांनी कमी अपवर्तनांकाच्या, म्हणजे प्रकाश कमी वाकवणाऱ्या, काचेने भरून काढली आणि तीन काचा एकमेकींना चिकटवल्या. एफ १.५ सोनारमध्ये काचा सात आहेत, पण गट तीनच. म्हणजे हवेला भिडणारे पृष्ठभाग फक्त सहा. डबल गाउस या दुसऱ्या प्रचलित रचनेत सहा काचा चार गटांत बसतात, तिथे ते आठ होतात. लाइट्झच्या (लायका बनवणारी कंपनी) झेनॉन आणि सुमारिट या एफ १.५ लेन्सांत सात काचा पाच गटांत, म्हणजे दहा. दर पृष्ठभागाला साडेचार टक्के घट धरली तर सहा पृष्ठभागांतून सुमारे ७६ टक्के उजेड पार होतो, आठांतून ६९ आणि दहांतून ६३. कागदावर तिन्ही लेन्स वेगवान, म्हणजे भरपूर उजेड घेणाऱ्या, पण कॉन्ट्रास्टमध्ये सोनार उघड पुढे.

१९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी कोटिंगचा शोध लावला आणि डबल गाउसची ही अडचण सुटत गेली. सोनारचं दुसरं दुखणं मात्र गणिताने सुटणारं नव्हतं. तिची मागची काच फिल्मच्या फार जवळ जाते. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात (वेगळ्या खिडकीतून अंतर जुळवून फोकस करायचा) आरसा नसल्याने ते चालतं, एसएलआरमध्ये (लेन्समधलंच दृश्य आरशातून दाखवणारा) आरसा तिथेच फिरतो. म्हणून एसएलआर रुळल्यावर ५० मिमी सोनार मागे पडली. आता मिररलेस कॅमेऱ्यातून आरसाच गेला आणि तिला पुन्हा जागा मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियनांनी झाइसची सामग्री आणि आराखडे नेले, त्यातून ज्युपिटर-३ झाली. एफ २ सोनारची रशियन बहीण म्हणजे ज्युपिटर-८, सहा काचा तीन गटांत.

आता चित्र कसं येतं ते. एफ १.५ वर मधला भाग पुरेसा तीक्ष्ण, त्यावर पातळ सायीसारखी झळाळी. कोपरे मऊ. माणसाच्या मागची पार्श्वभूमी सोनारमध्ये कडा न उमटता विरघळते, हाच तिचा लौकिक. विषयाच्या पुढची वस्तू मात्र तशी विरघळत नाही, तिथे दुहेरी रेघा दिसतात. त्यामुळे गर्दीतून, कुणाच्या खांद्यावरून फोटो काढायची सवय असेल तर निराशा होईल. एफ २.८ ला झळाळी जाते, एफ ५.६ ला ती कुठल्याही चांगल्या जुन्या लेन्ससारखी वागते, आणि मग ज्युपिटर-३ घेण्याचं कारणच उरत नाही.

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागाच्या खोल्यांत तिचं चीज होतं. ट्यूबलाइटचा मंद उजेड, विणकराच्या मागे टांगलेलं सूत, भिंतीचा जुना रंग, सगळं मागे सरतं आणि चेहरा व हात पुढे येतात. साधारण आयएसओ ८०० ला एफ १.५ वर १/१०० सेकंदात भागतं. शटर १/५० किंवा १/१०० च ठेवावं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. याहून वेगवान इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर आडवे पट्टे ठरलेलेच. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमलबस्ती या जैन मंदिरात छताचं दगडी कमळ टिपायला मात्र ही लेन्स नको. तिथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कोरीव काम आहे, आणि सोनारचा फोकस सपाट भिंतीवर एकसारखा बसत नाही. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत निकाल मिश्र. मशालीचा उजेड देखणा येतो, पण रथावरचा एलईडी झोताचा दिवा (पार लाइट) थेट भिंगात शिरला की निळसर डाग आणि धुरकट पडदा. ४०.५ मिमीच्या आट्याचा धातूचा हूड लावावा, त्याने अर्धं काम होतं.

उजेडाच्या हिशेबात एक गोष्ट लोक विसरतात. एफ २ पेक्षा एफ १.५ मध्ये उजेड पावणेदोन पट असतो, म्हणजे पुरता एक स्टॉपही (दुप्पट उजेड) नाही. केवळ अंधारासाठी घ्यायची असेल तर ज्युपिटर-८ घ्या आणि आयएसओ थोडा वाढवा. ज्युपिटर-३ घ्यायची ती त्या झळाळीसाठी.

फिल्मचा लायका वापरणाऱ्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. सोव्हिएत लेन्स कॉन्टॅक्सच्या मापावर, ५२.४ मिमी नाभीय अंतर धरून बनल्या. लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिमीच्या मापावर चालतो. अनंतावर, म्हणजे फार दूरच्या वस्तूवर, फरक पडत नाही, पण जवळ येताना लेन्स पुरेशी बाहेर सरकत नाही. एक मीटरवर ही तूट साधारण ०.१ मिमी. ऐकायला क्षुल्लक, पण एफ १.५ वर त्याने फोकस सुमारे ३ सेंमी मागे पडतो. डोळ्यावर धरलेला फोकस कानाकडे जातो. एफ ४ ला फोकसची खोली वाढते आणि दोष झाकला जातो, म्हणून विकणाऱ्याने पाठवलेला दिवसाचा नमुना फोटो काहीच सिद्ध करत नाही.

उपाय आहे. काचांचा गट फोकसच्या नळीतून अख्खा वेगळा होतो. दोन्हींच्या मध्ये धातूची पातळ कडी असते, तिलाच शिम म्हणतात. ती जाड केली की काचा फिल्मपासून दूर जातात आणि मागे पडलेला फोकस पुढे येतो. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमी जाडीचा, पण कापण्याआधी व्हर्नियरने मोजावा. पूर्ण ०.१ मिमी भरली तर एक मीटर अचूक होईल आणि उघड्या एपर्चरला अनंत हातचं जाईल. माणसांचे फोटो काढणाऱ्याने दीड मीटरवर अचूक बसेल एवढीच भर घालावी आणि दूरच्या दृश्याला एफ ५.६ वापरावा. तपासायला पट्टी ४५ अंशांत तिरपी ठेवून मधल्या आकड्यावर फोकस करायचा; १ मीटर, दीड मीटर आणि ३ मीटर अशा तीन अंतरांवर. शिम बदलल्यावर काचांचा गट वेगळ्या कोनात घट्ट होतो आणि एपर्चरची खूण बाजूला सरकते. हे बिघडलं म्हणून घाबरू नये, नवी खूण करावी. हेलिकॉइड (फोकससाठी लेन्स आत-बाहेर सरकवणारी आट्यांची नळी) मात्र सहज म्हणून उघडू नये. त्याच्या आट्यांना अनेक सुरुवाती असतात, आणि सुटताना कुठे सुटला ती खूण केली नसेल तर योग्य आटा शोधता शोधता रविवार जातो.

शिम बरोबर असली तरी सोनारची एक खोड राहते. एपर्चर एफ १.५ वरून २.८ कडे बंद करताना फोकस थोडा मागे सरकतो. मिररलेसवर हे दोन्ही प्रश्न उरत नाहीत, कारण ज्या एपर्चरला फोटो काढायचा त्यालाच पडद्यावर फोकस करता येतो. एम३९ (३९ मिमी आट्याच्या) लेन्सची बैठक, म्हणजे माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर, २८.८ मिमी, सोनी ई ची १८, म्हणून अडॅप्टर १०.८ मिमीचा. फुजी एक्ससाठी ११.१. ज्युपिटर एक मीटरच्या आत फोकस करत नाही, त्यासाठी बाहेर सरकणारा हेलिकॉइड अडॅप्टर थोडा महाग असला तरी घ्यावा.

ऑनलाइन मागवताना दोन ठिकाणी फसगत होते. एक, ‘एम३९’ म्हणून झेनिट एसएलआरची लेन्सही विकली जाते. आटे तेच, पण बैठक ४५.२ मिमी, त्यामुळे या अडॅप्टरवर काहीच फोकस होणार नाही. दुसरं, कीव-कॉन्टॅक्स माउंटची ज्युपिटर-३ स्वस्त दिसते, पण तिच्यात स्वतःचा फोकस नसतो, तो कॅमेऱ्यात असतो. तिला लागणाऱ्या अडॅप्टरमध्ये वाचवलेले पैसे परत जातात. आणि आट्याच्या माउंटवर ‘कार्ल झाइस येना सोनार’ कोरलेली लेन्स परवडणाऱ्या भावात दिसली तर आत ज्युपिटर आहे असंच समजावं. बहुतेक वेळा क्रमांकाचे पहिले दोन आकडे हे उत्पादनाचं वर्ष असतं. समोरचं लाल रशियन ‘प’ अक्षर म्हणजे कोटिंग आहे.

लेन्स हातात आली की एपर्चर पूर्ण उघडून मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. एकसारखा धुरकट थर असेल तर आतल्या ग्रीसची वाफ बसलेली, ती बहुधा पुसली जाते. कडेला इंद्रधनुष्यी चट्टा दिसला तर चिकटवलेल्या काचा सुटायला लागल्या आहेत. ज्या चिकटवण्यावर सोनारचं सगळं मोठेपण उभं आहे तेच सुटतंय, आणि ते घरी दुरुस्त होत नाही. ती परत करा. मागची काच बाहेर डोकावते, म्हणून तिथले ओरखडे वेगळे बघा. एपर्चरच्या पात्यांवर तेल असेल तर आज चालेल, वर्षभरात तेच काचेवर जाईल. फोकस जड फिरतो तो बहुधा वाळलेल्या ग्रीसमुळे. तो सफाईने सुटतो, पण जोर लावून फिरवू नये.

पर्यायांत कॅननची ५० मिमी एफ १.८ आहे. हिरोशी इतो यांनी बेतलेली, १९५१ पासूनची, डबल गाउस. धातूकाम ज्युपिटरपेक्षा कितीतरी वरचं, कोपरे चांगले, लायकावर फोकस जुळलेला. तिचा एकच शाप, एपर्चरच्या मागच्या काचेवर येणारं धुकं. लवकर पुसलं नाही तर ते काच खातं आणि मग कशानेही जात नाही. कॅननच्या एफ १.२ लाही हीच व्याधी. कॅननची १९५२ ची एफ १.५ ही सोनारच, नीट जोडलेली. बजेट असेल तर सरळ ती घ्यावी. २०१६ मध्ये लोमोग्राफीने ज्युपिटर ३ प्लस काढली, पितळी आणि ०.७ मीटरपर्यंत फोकस होणारी. शिमची कटकट नको असेल त्यांच्यासाठी ती ठीक, पण तिच्या किमतीत जुन्या ज्युपिटरची मजा राहत नाही.

राहिला पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावात भिंतींना ओल येते, जांबोटी-खानापूरकडे तर कपाटातल्या कपड्यांनाही वास मारतो. जुन्या लेन्ससोबत येणारं चामड्याचं पाकीट हे बुरशीचं घर, ते पहिल्या दिवशी वेगळं करावं. रबरी कडेचा हवाबंद डबा, आत आर्द्रतामापक आणि निळी सिलिका जेल. जेल गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर निळी होईपर्यंत भाजून, गार करून परत ठेवावी. आकडा ४० ते ५० टक्क्यांत असावा. ३० च्या खाली नेऊ नये, ग्रीस वाळतं. डब्यात तांदूळ ठेवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने ओल फारशी शोषली जात नाही, पीठ मात्र हेलिकॉइडमध्ये जातं. मिरवणुकीतून भिजून आलात तर लेन्स पुसून रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवा आणि सकाळी डब्यात घाला. ओली लेन्स तशीच बंद केली तर डबाच बुरशीचा वाफा होतो.