कासवरून बामणोलीत उतरणारी जंगलवाट, एमटीबीवाल्यांसाठी (म्हणजे माउंटन बाईकवाल्यांसाठी) रिव्ह्यू

डिसेंबरमध्ये दोनदा आणि जानेवारीत एकदा अशी तीन वेळा ही राईड झाली, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. साताऱ्यात सायकलवाले भरपूर झालेत, पण बहुतेकांचं यवतेश्वरचा घाट चढायचा, कासपर्यंत जायचं, फोटो काढायचा आणि परत असंच चाललेलं असतं. कास तलावाच्या पुढं कोयनेच्या बाजूला जी उतरण आहे ना, खरी मजा तिथं आहे राव, आणि एवढी जवळ असून तिच्याबद्दल कुणी धड लिहीतच नाही.

आधी कुठं काय आहे ते सांगतो. सातारा ते कास साधारण 25 किलोमीटर, सगळं डांबरी, आणि पठाराची उंची 1200 मीटरच्या आसपास. तिथून पश्चिमेला उतरलं की शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं बॅकवॉटर, आणि काठावर बामणोली. उतार जवळपास 500 मीटरचा. पठाराच्या एका अंगाचं पाणी उरमोडीत जातं आणि दुसऱ्या अंगाचं कोयनेत, शेवटी दोन्ही कृष्णेलाच मिळतात, फक्त कोयनेचं पाणी कराडच्या प्रीतिसंगमापर्यंत लांबचा फेरा मारून येतं. वर उभं राहून हे दोन्ही उतार बघितले की आपण नेमके कुठं उभे आहोत ते कळतं.

वाट म्हणजे कुणी मुद्दाम बनवलेली ट्रेल नाही. बोर्ड नाहीत, बाण नाहीत. गावकऱ्यांच्या जुन्या पायवाटा, ढोरवाटा, मधेच मुरमाचा गाडीरस्ता आणि दोन-तीनदा परत डांबरीवर यावं लागतं. म्हणून पहिल्यांदा जाताना गावातला माणूस सोबत घ्याच. आम्ही तिथल्याच एका पोराला घेतलं, तो पुढं त्याच्या साध्या सायकलवर आणि आम्ही सस्पेन्शनवाले मागं, आणि प्रत्येक फाट्यावर तो थांबून सांगायचा की ही वाट पाण्याला जाते, ही नुसती गुरांची आहे, पुढं संपते. त्याला जे पैसे दिले ते या राईडमधले सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे.

सुरुवातीला जांभा. ज्यांनी जांभ्यावर सायकल घातली नाही त्यांना सांगतो, हा दगड बघायला सपाट वाटतो पण सगळा भोकाभोकांचा आणि कडा धारदार, त्यामुळे टायरमध्ये हवा कमी ठेवली की ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चिमटते आणि एकदम दोन भोकं पडतात. माझं वजन 72 किलो आहे, 2.2 इंची टायरमध्ये पहिल्या राईडला हवेचा दाब 24 पीएसआय ठेवला होता आणि पंक्चर झालं, नंतर 30 ठेवला तर काही त्रास नाही. ट्यूबलेस असेल तर उत्तमच.

जांभा संपला की झाडी सुरू होते आणि इथून पुढचा भाग मला शब्दांत नीट सांगता येईल का माहीत नाही. अंजनी, जांभूळ, हिरडा, मधेमधे आंब्याची जुनी झाडं, वर सगळं झाकलेलं, खाली पाचोळ्याचा जाड थर, हवा एकदम गार. सकाळी साडेआठला सुद्धा आत ऊन नव्हतं. वाट एक हात रुंद, वळणं आखूड, डाव्या हाताला उतार, आणि झाडांच्या फटीतून मधेच खाली निळं पाणी दिसतं. शेकरूचा आवाज ऐकला, दिसलं मात्र तिसऱ्या वेळी, एका फांदीवरून दुसरीवर गेलं आणि आम्ही तिघंही सायकली टाकून तसेच बघत उभे. पाचोळ्याखाली दगड लपलेले असतात, तेव्हा सीट खाली घ्या, वजन मागं ठेवा आणि सारखा ब्रेक धरून ठेवू नका, वळणाच्या आधी दाबा आणि वळणात सोडा.

ब्रेकवरून आठवलं, आता तक्रार. पहिल्या वेळी माझ्या मित्रासाठी भाड्याची एमटीबी आणली होती. देणाऱ्याने सांगितलं सर्व्हिसिंग कालच झालंय. अर्ध्या उतारावर पुढच्या ब्रेकमधून लोखंड घासल्यासारखा आवाज यायला लागला, बघतो तर पॅड पूर्ण संपलेले, नुसती पत्री डिस्कवर घासतेय. मागचा एकटा ब्रेक एवढ्या उतारावर पुरत नाही. मित्राने शेवटचा दीडेक किलोमीटर सायकल हातात धरून चालत काढला आणि त्याचा दिवस गेला. मला याचा खूप राग आला, कारण डांबरीवर चालून जातं ते इथं चालत नाही, इथं हात-पाय मोडू शकतो आणि मोबाईलला रेंज नाही. भाड्याची घेणार असाल तर निघायच्या आधी दोन्ही पॅड स्वतः डोळ्यांनी बघा, जमलं तर हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेकच मागा, आणि जादा ट्यूब, पंप, चेन जोडायची एक लिंक जवळ ठेवाच.

एका ओढ्यापाशी लाकडाची मोळी घेतलेली एक आज्जी भेटली. आम्ही उतरून बाजूला झालो तर म्हणाली, "पोरांनो, खालनं नगा जाऊ, वरनं दगूड आल्यात, त्या अंगानं जावा." तिच्यामुळं आमचा अर्धा तास आणि बहुतेक एखादं चाक वाचलं. वाट त्यांची आहे, आपण पाहुणे. माणूस किंवा गुरं समोर दिसली की उतरायचं, घंटी वाजवत मागं लागायचं नाही.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. पठारावर, म्हणजे सड्यावर, सायकल घालू नका. फुलं नसताना सुद्धा. काहीजण म्हणतात आता तर नुसतं वाळलेलं गवत आहे, काय होतंय. पण खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे, आणि त्यातच पुढच्या पावसाची बी आणि कंद असतात. दवबिंदूसारखी किडे खाणारी झाडं तिथं उगवतात, टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. चाकाची चाकोरी पडली की पाणी त्यातूनच वाहतं आणि माती घेऊन जातं. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारसा यादीत आलं ते या सड्यामुळं. चालवायला खाली पुरेशी वाट आहे. तसंच पाण्याच्या पलीकडं वासोट्याच्या बाजूला अभयारण्य आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग, तिकडं बोटीने परवानगी काढून चालत जातात, सायकलचं डोक्यातसुद्धा आणू नका. अलीकडच्या बाजूला पण गवे आहेत, म्हणून उजाडायच्या आधी आणि अंधार पडल्यावर झाडीत शिरू नये.

खाली बामणोलीत तांदळाची भाकरी, पिठलं आणि तळलेला मासा मिळाला, एका घरातच सांगून ठेवलं होतं. भूक लागलेली असते हे खरं, पण मासा खरंच फार चांगला होता.

परतीचं आधीच ठरवून ठेवा. 500 मीटर परत चढायचे म्हणजे डांबरीने सुद्धा दीड-दोन तास कुठं गेले नाहीत, आणि दुपारी त्या चढाला ऊन चांगलंच लागतं. पहिल्या दोन वेळी आम्ही सायकली पिकअपमध्ये टाकून वर आलो, तिसऱ्या वेळी चढलो. पावसाळ्यात अजिबात नको, शेवाळ, जळवा आणि ओढे फुगलेले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. मी मात्र मार्चमध्ये एकदा पहाटेच निघून जाणार आहे, अंजनीला निळी फुलं येतात तेव्हा त्या झाडीतून उतरायचंय.