पीएलबी होडीत नको, अंगावर हवा : आठ महिन्यांचा अनुभव

पीएलबी म्हणजे संकटात आपली जागा उपग्रहामार्फत कळवणारा, खिशात मावणारा बीकन. मी वेल्समध्ये राहतो आणि जमेल त्या रविवारी अँगलसी बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर कयाक (वल्ह्याने चालवायची चिंचोळी होडी) घेऊन जातो. सप्टेंबरपासून हा बीकन दर फेरीला बरोबर असतो. बटण दाबायची वेळ अजून आलेली नाही.

पहिले दोन महिने तो डेकवरच्या पिशवीत, व्हीएचएफ रेडिओशेजारी असायचा. नोव्हेंबरात त्याच किनाऱ्यावरच्या पेनरिन मावरपाशी भरती-ओहोटीच्या ओढीत उलटलो, रोल (बसल्या बसल्या कयाक पुन्हा सरळ करणं) चुकला, कयाकमधून बाहेर पडलो. कयाक हातातून सुटली आणि वाऱ्याबरोबर पिशवीसकट लांब गेली. सोबत्याने ती परत आणेपर्यंत त्या गार पाण्यात माझ्याकडे शिट्टीखेरीज काही नव्हतं. तेव्हापासून बीकन आणि रेडिओ दोन्ही लाइफ जॅकेटच्या खिशात, दोरीने बांधलेले.

हिवाळ्यात तरणतलावात सराव केला, बटण न दाबता. निओप्रीनचे हातमोजे घालून, लाटा नसतानाही, ॲन्टेना ओढून काढायला मला चार प्रयत्न लागले. शिवाय तो आकाशाकडे उभा धरून पाण्याबाहेर ठेवावा लागतो, म्हणजे एक हात त्यातच अडकतो. हे घरी बसून कळत नाही, म्हणून सराव कराच.

संदेश ४०६ मेगाहर्ट्झवर कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेच्या उपग्रहांकडे जातो. जवळ आलेल्या बचावपथकाला १२१.५ वरचा क्षीण सिग्नल माग दाखवतो. फक्त १२१.५ वर चालणारा जुना बीकन स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, २००९ पासून उपग्रह ती वारंवारता ऐकत नाहीत. माझा ४०६ वरचा बीकन एकदा सुरू केला की किमान २४ तास चालतो. मासिक वर्गणी नाही, हे मला फार आवडलं.

खटकतं ते एवढंच, की माझा बीकन एकतर्फी आहे. हाक कुणी ऐकली का, ते पाण्यातल्या माणसाला कळत नाही. म्हणून किनारा जवळ असेल तर मी आधी रेडिओच्या चॅनल १६ वर मेडे (संकटाची हाक) देईन. रेडिओ पोचत नसेल किंवा हातातून गेला असेल, तर बीकन.

बीकनची नोंदणी इथे ब्रिटनमध्ये मोफत आहे, पण फॉर्म घाईत भरू नका. मी संपर्कासाठी रत्नागिरीच्या दादाचा नंबर दिला होता. तटरक्षकांचा फोन त्याला मध्यरात्री गेला असता तर मी कुठल्या किनाऱ्यावर आहे, हे तो बिचारा काय सांगणार? आता तिथे बायकोचा आणि एका कयाकवाल्या मित्राचा नंबर आहे, आणि निघताना दोघांना मार्ग व परतायची वेळ कळवतो. मार्चमध्ये निळी कयाक विकून नारिंगी घेतली, त्याच रात्री नोंदीतला रंगही बदलला.