हायब्रिड सायकल (रोड आणि माउंटन बाइकच्या मधली) घेताय? पुढे सस्पेन्शन हवं की साधा, न दबणारा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा)?

रोज ऑफिसला जायचं आणि सुट्टीच्या दिवशी थोडं कच्च्या रस्त्यावर फिरायचं, एवढंच असेल तर माझं मत सरळ साध्या फोर्कच्या बाजूने आहे.

सस्पेन्शनवाली सायकल शोरूममध्ये भारी वाटते, हँडल दाबलं की खाली जातं आणि आपण खूश, पण हायब्रिडवर येणारा फोर्क बहुतेक ५०-६३ मिमीच दबतो, स्वस्तातल्यात आत नुसती स्प्रिंग असते आणि वजन साध्या फोर्कपेक्षा किलोभर तरी जास्त. चढावर उभं राहून पेडल मारलं की सायकलचा पुढचा भाग वर-खाली डुलतो, अर्धा जोर तिथेच गेल्यासारखा वाटतो. लॉकआऊट (फोर्कचं दबणं बंद करणारा खटका) असेल तर ठीक, नसेल तर घेऊच नका. शिवाय त्याची देखभाल वेगळी, जी कोणी करत नाही, मग वर्षा-दोन वर्षांत तो जाम.

साध्या फोर्कला हे काहीच नाही. हादरे बसतात हे खरं, पण त्यावर उपाय टायर. ७०० बाय ४० च्या (म्हणजे ४० मिमी रुंदीच्या) आसपासचे टायर टाका, फ्रेममध्ये बसतात का ते आधी बघा, आणि कच्च्या रस्त्यावर हवा थोडी कमी ठेवा, म्हणजे ६० पीएसआयऐवजी ४५ वगैरे (वजनदार माणसाने ४५ पेक्षा जरा जास्त ठेवावी), बारीक खडी आरामात निघते. मडगार्डही नीट बसतं.

मनगट दुखत असेल किंवा रोजचाच रस्ता खड्ड्यांचा असेल तर मात्र सस्पेन्शन घ्या, फक्त एअरवालं (स्प्रिंगऐवजी आत दाबलेली हवा असलेलं) बघा. डिस्क ब्रेक दोन्हीत हवेतच.