डायकिन व्हीआरव्ही 3: एक आउटडोअर बसलं तरी ऑफिस चालू ठेवणारी सोय

डायकिन व्हीआरव्ही 3 म्हणजे बऱ्याच खोल्यांची इनडोअर युनिट एकत्र जोडलेल्या आउटडोअर युनिटवर, म्हणजे मॉड्युलवर, चालवणारी एसी यंत्रणा. तीन मॉड्युलचं 18-18-18 असं 54 एचपी (क्षमतेचं माप) सेट असेल आणि ऐन मे महिन्यात एका मॉड्युलचा कॉम्प्रेसर गेला, तर उरलेली दोन चालवता येतात. या सिरीजची ही सर्वांत उपयोगी सोय. पण बऱ्याच साइटवर ती कुणाला ठाऊकच नसते.

तात्पुरता मार्ग सोपा आहे. एरर दिसत असताना रिमोटचं ऑन-ऑफ बटण 4 सेकंद दाबून ठेवायचं. दोष चालण्याजोगा असेल तर ते मॉड्युल बाजूला पडतं आणि बाकीची 8 तास चालतात. पार्ट यायला आठवडा लागणार असेल तर मात्र आउटडोअरच्या सर्किट बोर्डवरून सेटिंग करावं लागतं. बोर्डवरचं बीएस1 बटण 5 सेकंद दाबून मोड 2 (सेटिंगचा मोड) मध्ये जायचं, बीएस2 बटणाने बंद ठेवायच्या मॉड्युलचा नंबर आणायचा: मास्टरसाठी (मुख्य मॉड्युल) 38, पहिल्या स्लेव्हसाठी (दुय्यम मॉड्युल) 39, दुसऱ्यासाठी 40. नंबर बोर्डवरच्या एलईडी दिव्यांवर बायनरीत दिसतो, त्यामुळे 38 ला एच2पी, एच5पी, एच6पी हे दिवे पेटलेले हवेत. मग बीएस3, बीएस2 ने ऑन, पुन्हा बीएस3.

सगळ्यात जास्त घोळ ब्रेकरपाशी होतो. ‘बंदच आहे ना’ म्हणून बिघडलेल्या मॉड्युलचा सप्लाय काढला, की त्याच्या बोर्डशी संपर्क तुटतो आणि चांगली युनिटही थांबतात. सप्लाय चालूच हवा. मेन बोर्डच जळलं असेल तर या सोयीचा उपयोग नाही, आणि गॅस लीक असेल तर ती वापरूच नये. पाइपिंग तिन्हींचं एकच आहे.

एक मॉड्युल बंद असताना उरलेल्या 36 एचपीवर 54 एचपीची इनडोअर म्हणजे 150 टक्के जोडणी. नेहमीची मर्यादा 130 ची, म्हणून किमान 7-8 एचपीची इनडोअर बंद ठेवा. कॉन्फरन्स रूमपासून सुरुवात करा. सर्व्हर रूम यावरच असेल तर चालू ठेवण्यात तिला पहिला मान.

कॉम्प्रेसर बदलताना सेटिंगच्या भरवशावर पाइप उघडू नये. लिक्विड, गॅस आणि ऑइल इक्वलायझिंग, तिन्ही स्टॉप व्हॉल्व्ह बंद करून त्या मॉड्युलचा गॅस रिकव्हर करायचा, म्हणजे काढून घ्यायचा, आणि वजन लिहून ठेवायचं. काम झाल्यावर तेवढाच भरायचा आहे.

खटकणारी गोष्ट एकच. रिमोटची मुदत 8 तासांनी संपते, बोर्डच्या सेटिंगला मुदत नाही. दुरुस्तीनंतर ते ऑफ करायचं राहिलं तर नवा कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, आणि लोक वायरिंग तपासत बसतात. सेटिंग केल्याबरोबर पॅनेलच्या आतून तारखेसह स्टिकर लावा.