ओपीजीत टॉन्सिलचे खडे दिसले: पुढे सीबीसीटी, की आधी घसा?

रामबागेतल्या एक काकू दाताच्या इम्प्लांटसाठी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढून आल्या होत्या. मुलगा सोबत होता, आणि दोघांचे चेहरे उतरलेले. रिपोर्टात शेवटी एक ओळ होती: उजव्या बाजूला टॉन्सिलचे खडे असण्याची शक्यता. खडा म्हटलं की आपल्याकडे आधी मूतखडा आठवतो, मागोमाग ऑपरेशन. काकूंनी हळूच विचारलं, "डॉक्टर, हे दुसरं काही तर नाही ना?" मुलगा म्हणाला, "सर, सीबीसीटी आजच काढून टाकू का? एकदाचं कळेल तरी."

सीबीसीटी म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. इंदुरात माझ्या दातांच्या दवाखान्यात हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून दोन्ही तपासण्या आणि तिसरा, सगळ्यात स्वस्त मार्ग एकत्र मांडतो.

ओपीजी म्हणजे दोन्ही जबड्यांचं एकसंध चित्र. यंत्र डोक्याभोवती पंधरा-वीस सेकंदांत फिरतं आणि जबड्याच्या कमानीएवढा एक पट्टाच स्पष्ट टिपतं. टॉन्सिल त्या पट्ट्याच्या आतल्या अंगाला असतात, पण त्यांची सावली खालच्या जबड्याच्या उभ्या हाडावर पडते. जिभेच्या पाठीची सावली जिथे त्या हाडाला ओलांडते, त्याच्या आसपास तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके दिसतात. एकच सुबक गोळा क्वचित, बहुधा कण्यांचा पुंजका. मोठा खडा असेल तर विरुद्ध बाजूला, थोडी वर, त्याची धूसर प्रतिमाही उमटू शकते. त्यामुळे 'दोन्हीकडे' असं वाचलं तरी खरे खडे एकाच बाजूला असू शकतात.

आता मूळ प्रश्न: हे किती जणांना असतं? इथे उत्तर तुम्ही कशातून बघता यावर ठरतं. जपानमध्ये 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 482 जणांचे ओपीजी आणि सीटी स्कॅन शेजारी ठेवून पाहिले. ओपीजीत खडे दिसले सुमारे 7 टक्के लोकांत. त्याच माणसांच्या सीटीत सुमारे 46 टक्क्यांत. माणसं तीच, फरक फक्त नजरेचा. बारीक खडे हाडाच्या सावलीत हरवतात आणि ओपीजीला मोठेच तेवढे सापडतात. ती सगळी तपासणीसाठी आलेली मंडळी होती हे खरं, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्या मोहल्ल्याला लावू नये. पण दिशा पक्की आहे: हे खडे दुर्मीळ नाहीत, आणि चाळिशीनंतर जास्त दिसतात. ओपीजीत ठिपका दिसला म्हणजे तुम्हाला काही वेगळं झालंय, असं नाही.

याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. ओपीजी स्वच्छ आला म्हणून खडे नाहीत, असंही नाही. ताजे खडे मऊ असतात. टॉन्सिलच्या घड्यांत अडकलेले अन्नाचे कण, झडलेल्या पेशी, शेंबूड आणि जिवाणू यांचा तो लगदा. त्यात कॅल्शियमचे क्षार बसले तरच एक्स-रे त्याला पांढरा दाखवतो. ज्यांना तोंडाचा वास सतावतो त्यांतल्या कितीतरी जणांचे खडे कुठल्याच एक्स-रेत येत नाहीत.

मग सीबीसीटी काढावा का? सीबीसीटी तिन्ही बाजूंनी दाखवतो, म्हणून ठिपका हाडात आहे, टॉन्सिलमध्ये आहे की लाळग्रंथीत, हे नेमकं सांगतो. ते त्याचं खरं बळ. पण इम्प्लांटसाठी काढलेला सीबीसीटी बहुतेकदा जबड्याच्या एका तुकड्याचा असतो, टॉन्सिल त्यात येतच नाही. 'एकदाचं कळेल' म्हणून पैसे भरायचे आणि हवी ती जागा चौकटीबाहेर! सेंटरवर आधी विचारा: किती मोठा भाग घेणार? शिवाय सीबीसीटी मऊ ऊती नीट दाखवत नाही. टॉन्सिल सुजलंय का, त्यावर जखम आहे का, हे त्यातून कळत नाही.

किरणांचं म्हणाल तर ओपीजीत साधारण 0.01 ते 0.025 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक). निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतच असतं, म्हणजे ओपीजी दोन ते चार दिवसांच्या हिशेबाचा. लहान भागाचा सीबीसीटी त्याच्या काही पट, पूर्ण चेहऱ्याचा दहापट किंवा त्याहून वर जाऊ शकतो. घाबरण्याएवढं हे नाही, पण नुसत्या उत्सुकतेपोटी घेण्याएवढंही क्षुल्लक नाही. खर्चातही मोठी तफावत आहे.

तिसरा मार्ग म्हणजे घसा बघणं. चांगला उजेड, जीभ दाबायची पट्टी, दोन मिनिटं. मी काकूंना 'आ' करायला सांगितलं आणि उजव्या टॉन्सिलच्या घडीत पिवळट कण सरळ दिसला. मग त्या बोलत्या झाल्या. कित्येक वर्षं सकाळी खोकताना कधीतरी असा कण बाहेर पडायचा. त्यांना वाटायचं, पोह्यातली बडीशेप असेल. बोटाने चिरडला की घाण वास यायचा, म्हणून घरात कुणाला सांगितलंच नाही. हळदीकुंकवाला गेल्या तर बोलताना पदर तोंडाशी धरायच्या. हे ऐकून मुलाने मान खाली घातली. मलाही वाईट वाटलं. सहा महिने दातांसाठी येत होत्या, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

तर माझा क्रम असा. ठिपका नेहमीच्या जागी, कण्यांसारखा, आणि त्रास काही नाही: काही करू नका, ओपीजी जपून ठेवा. वास येतो, घशात काही टोचतं, कानात ठणकतं: आधी घसा दाखवा, माझ्यासारख्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी बऱ्याच जणांचं भागतं. सेफ्टी पिन किंवा टूथपिकने खडा टोकरू नका, टॉन्सिल चटकन रक्ताळतं. टॉन्सिल काढायची वेळ फार थोड्यांवर येते.

सीबीसीटी मी तेव्हाच सांगतो, जेव्हा ठिपक्याची जागा पटत नाही. जेवताना जबड्याखाली सूज येत असेल तर लाळग्रंथीच्या खड्याचा संशय येतो. ठिपके जबड्याच्या कोनाच्या मागे-खाली, मानेच्या मणक्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पातळीला असतील तर ते मानेतल्या रोहिणीत साचलेलं कॅल्शियमही असू शकतं. तिथे मात्र सीबीसीटीत वेळ न घालवता फिजिशियनकडे जायचं, विशेषतः बीपी किंवा शुगर असेल तर.

आणि एका गोष्टीत तुलना करत बसूच नका. एकाच बाजूचं टॉन्सिल वाढतंय, न भरणारी जखम आहे, थुंकीत रक्त आहे, गिळताना अडतंय, मानेत गाठ लागतेय, त्यात गुटखा किंवा तंबाखूची सवय, तर थेट कान-नाक-घसा विभाग गाठा. एमवाय हॉस्पिटल आपल्या गावातच आहे. खड्याचा रिपोर्ट हातात आहे म्हणून 'खडाच असेल' असं समजून थांबू नका.

काकूंचा सीबीसीटी शेवटी झालाच, पण इम्प्लांटच्या जागेपुरता. टॉन्सिलसाठी त्या गुळण्या करताहेत. परवा फेरतपासणीला आल्या तेव्हा मुलाने खुर्चीशेजारी उभं राहून सांगितलं, "सर, आई आता आम्हाला सांगते कण पडला की."