'300 डीपीआय आहे की मॅडम': रेंडर घेताना माझी झालेली फसवणूक

कळंब्याच्या रो-हाऊस स्कीमचं बुकिंग दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करायचं ठरलं होतं. मी आर्किटेक्ट, कोल्हापुरात राजारामपुरीत छोटं ऑफिस आहे. ब्रोशरसाठी पानभर, ए-थ्री आडवे असे चार रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या थ्रीडी मॉडेलवरून काढलेली फोटोसारखी चित्रं, हवे होते. मॉडेल आमच्याकडे तयार होतं, हाताशी वेळ नव्हता, म्हणून ओळखीतून मिळालेल्या एका मुलाला काम दिलं. एका व्ह्यूचे साडेतीन हजार, एकूण 14,000. 'प्रिंट क्वालिटी, 300 डीपीआय', म्हणजे छापताना इंचाला 300 पिक्सेल, असं त्यानं स्वतः व्हॉट्सॲपवर लिहून दिलं. नमुना म्हणून त्यानं केलेलं रस्त्यावरचं एक होर्डिंग दाखवलं. ते छानच दिसत होतं. पण होर्डिंग आपण रस्त्यापलीकडून बघतो, तिथं कमी पिक्सेलही खपून जातात. ब्रोशर हातात धरून बघतात. हा फरक तेव्हाच लक्षात यायला हवा होता.

फाईली आल्या. प्रॉपर्टीजमध्ये 4961 बाय 3508 पिक्सेल, 300 डीपीआय. ए-थ्रीची लांबी 420 मिलिमीटर, म्हणजे साधारण साडेसोळा इंच. गुणिले 300 केलं की 4961च येतात. हिशेब चोख होता. मी उरलेले पैसे पाठवले आणि फाईली घेऊन प्रेसमध्ये गेले.

प्रेसच्या काकांनी पहिली फाईल उघडली, 100 टक्क्यांवर नेली आणि बाल्कनीच्या रेलिंगवर थांबले. गजांच्या कडा विरघळलेल्या, भोवती पांढुरकी झालर. गेटवरच्या पाटीची अक्षरं नुसते डाग. "ताई, ह्याच्या प्लेटा काढल्या तर पैसे पाण्यात जाणार बघा," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, मंजुरीसाठी आधी पाठवलेला प्रीव्ह्यू आहे का? होता, 1280 बाय 905 चा. तो तेवढाच ताणून शेजारी ठेवला. डाग न् डाग जुळला.

म्हणजे त्यानं मोठा रेंडर काढलाच नव्हता. प्रीव्ह्यूच फोटोशॉपमध्ये ताणला आणि 300चा आकडा भरला. एका खऱ्या पिक्सेलचे सुमारे पंधरा झाले, तपशील तेवढाच राहिला. साडेसोळा इंचांत खरे 1280 पिक्सेल, म्हणजे इंचाला जेमतेम 77. आमची ऑफसेटची छपाई 150 लाईनच्या स्क्रीनवर, म्हणजे इंचाला ठिपक्यांच्या 150 ओळींनी, होणार होती आणि चित्राला त्याच्या दुप्पट पिक्सेल धरतात. तो 300 इथून येतो. फाईलवर लिहिलेला डीपीआय ही फक्त एक चिठ्ठी असते. पिक्सेलला हात न लावता ती 72 ची 300 करता येते. पिक्सेलचा आकडासुद्धा फुगवता येतो, हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

त्यानं असं का केलं, तेही उघड आहे. पंधरापट पिक्सेल म्हणजे ढोबळमानानं पंधरापट वेळ. प्रीव्ह्यूला वीस मिनिटं लागली असतील तर मोठ्या रेंडरला पाच तास, आणि असे चार.

फोन केला तर म्हणाला, "मॅडम, फाईलीवर 300 आहे की!" मॉडेल आमचंच, पण मटेरियल आणि लाईट बसवलेली मॅक्सची (रेंडरच्या थ्रीडी सॉफ्टवेअरची) फाईल मागितली, तर "ते ठरलं नव्हतं." दोन दिवसांनी 'सुधारलेल्या' फाईली आल्या. एआयनं मोठ्या केलेल्या. कडा धारदार होत्या, पण ड्रॉइंगमध्ये रेलिंगला 14 गज, इथं 11. पाटीवरची अक्षरं कुठल्याच लिपीतली नव्हती. हे जास्त धोक्याचं आहे, कारण रेरा कायद्याच्या 12व्या कलमानुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीमुळे ग्राहकाचं नुकसान झालं तर भरपाई बिल्डरला द्यावी लागते. त्यानंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं.

आता मी काम देताना डीपीआय लिहीतच नाही. 'रेंडर मूळ 4961 पिक्सेल रुंदीचा, नंतर न ताणलेला, टिफ किंवा पीएनजी' एवढं लिहून घेते. फाईल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून घेत नाही, तिथं ती आणखी दाबली जाते. शेवटचे पैसे देण्याआधी रेलिंगचा किंवा पाटीचा एक तुकडा त्याच मोठ्या मापात, फक्त तेवढाच भाग रेंडर करून मागते. सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते आणि पूर्ण चित्राच्या मानानं वेळ फार थोडा लागतो. काम प्रामाणिक असेल तर कुणी नाही म्हणत नाही. आलेली फाईल 100 टक्क्यांवर, बारीक जाळी असेल तिथं बघते. मोबाईलवर बघून कधीही पसंती देऊ नका. मी तीच चूक केली होती.

14,000 परत आले नाहीत आणि ते मी क्लायंटच्या बिलात लावले नाहीत. एकच व्ह्यू दुसरीकडून नव्यानं काढून घेतला आणि कव्हरला वापरला. बाकीचे तीन, 300 ला जेवढे बसतात तेवढेच, सव्वाचार इंच रुंदीचे छापले. त्यासाठी काकांनी आतल्या पानांची मांडणी रात्री बसून बदलून दिली. कव्हरचा पहिला कागद निघाला तेव्हा त्यांनी पाटीवर भिंग ठेवलं आणि मला बघायला बोलावलं. स्कीमचं नाव वाचता येत होतं.