वरच्या खोलीत वायफाय पोचवायचंय : रिपीटर, मेश की केबल?

आईवडिलांचं घर दुमजली. खाली हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटात राउटर, वर जिन्यापलीकडच्या खोलीत भाचीचा अभ्यास. क्लास सुरू झाला की दहाव्या मिनिटाला चित्र गोठायचं. त्या खोलीसाठी मी तिन्ही उपाय करून पाहिले, तेही उलट्या क्रमाने. तुमचे पैसे आणि वेळ वाचावा म्हणून हे लिहितो आहे.

खरेदीआधी एक तपासणी कराच, नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत होते. राउटरपासून दोन पावलांवर उभं राहून व्हिडिओ कॉल करा. तिथेही अडकत असेल, तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये आहे. लॅपटॉप असेल तर अजून पक्कं कळतं. कमांडच्या एका खिडकीत राउटरच्या पत्त्याला (बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१) पिंग लावा, म्हणजे छोटे संदेश पाठवून उत्तर येतं का बघा, आणि दुसरीत ८.८.८.८ ला (हा घराबाहेरचा, गूगलचा पत्ता). पहिलं सुरळीत आणि दुसरं तुटक असेल तर कंपनीकडे तक्रार नोंदवा. पहिलंच तुटत असेल तर मामला घरातल्या वायफायचा. शिवाय राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे ना, तेही बघा. वीज क्षणभर जरी गेली तरी राउटर पुन्हा सुरू होऊन नेट यायला दोनेक मिनिटं जातात, आणि आपल्याला वाटतं वायफायच खराब. बऱ्याच राउटरना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस चालतो. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

मग राउटर कपाटातून बाहेर काढा, उंचावर आणि घराच्या मधोमध ठेवा. फ्रिज, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्याआड नको. आमच्याकडे एवढ्यानेच खालचा मजला सुधारला. इमारतीत शेजाऱ्यांची वायफाय दाटीवाटीने असतील तर राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ या बँडवर (वायफायच्या लहरींच्या पट्ट्यावर) १, ६ किंवा ११ यांतलंच चॅनल निवडा, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. ५ गिगाहर्ट्झच्या बँडला वेग जास्त, पण भिंतीपुढे तो लवकर थकतो. आरसीसी स्लॅबपुढे तर फारच.

एवढं करूनही वरची खोली कोरडीच राहिली, तर निवड करावी लागते.

रिपीटर सर्वांत स्वस्त आणि बसवायला पाच मिनिटं. पण तो नवीन इंटरनेट तयार करत नाही, ऐकलेलं पुन्हा बोलतो. एकाच बँडवर ऐकणं आणि बोलणं दोन्ही असेल तर वेग साधारण अर्धा होतो. आणि बहुतेक लोक तो सिग्नल नसलेल्या खोलीतच लावतात. मीही तेच केलं होतं. तिथे त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही. फोनवर सिग्नल मोजणारं मोफत अ‍ॅप मिळतं, त्यात उणे ६५-६७ डीबीएमच्या (सिग्नलच्या जोराचं माप, आकडा शून्याजवळ तितका सिग्नल चांगला) आसपास आकडा दिसेल अशी मधली जागा शोधा. उणे ८० दिसतं तिथे रिपीटर लावून काही हाती लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, रेडिओ एवढंच हवं असेल तर मात्र तो पुरतो.

मेशमध्ये दोन-तीन डबे मिळून एकच जाळं बनवतात. फिरता फिरता फोन एका डब्यावरून दुसऱ्यावर जातो, नाव-पासवर्ड एकच. महाग, पण सुखाचं. भाड्याचं घर असेल, भिंतीला हात लावायची परवानगी नसेल, तर मी मेशच सुचवेन. मात्र डबेही एकमेकांशी हवेतूनच बोलतात. आमच्याकडे दुसरा डबा जिन्याच्या वळणावर आणल्यावर फरक पडला, कारण तिथे मध्ये स्लॅब नव्हता. कंपनीचा फायबरचा डबा स्वतःच राउटर असेल, तर मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो राउटरचं काम न करता फक्त वायफाय पसरवेल. नाहीतर घरात दोन वेगळी नेटवर्कं होतात आणि प्रिंटर सापडेनासा होतो.

केबल. स्वतःचं घर असेल तर माझं मत इथे ठाम आहे. राउटरपासून वरच्या खोलीपर्यंत एक कॅट ६ वायर (नेटवर्कची केबल) ओढा आणि तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. १०० मीटरपर्यंत ती गिगाबिट वेग नेते, स्लॅब आडवा येत नाही, शेजारच्या वायफायचा त्रासही या टप्प्यात नाही. जुना राउटर पडून असेल तर तोच वापरा : त्याचा डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्या आणि वायर त्याच्या लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणं जोडायच्या खाचेत) लावा. वायर घेताना पूर्ण तांब्याचीच मागा, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त वायर नको. विजेच्या वायरींच्या पाइपातून ती नेऊ नका. जुन्या केबल टीव्हीचा पाइप मोकळा असेल तर उत्तम, नाहीतर भिंतीवर पट्टी मारून घ्या. गच्चीवरून नेणार असाल तर उन्हापावसात टिकणारी, बाहेरच्या वापराची वायर घ्या.

विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे अडॅप्टरही मिळतात. दोन खोल्या वेगळ्या फेजवर असतील तर त्यांचा भरवसा नाही, म्हणून परत करण्याची सोय असेल तरच घ्या.

ज्यांच्या घरी येत्या वर्षात रंगकाम किंवा फरशी बदलायचं काम निघणार आहे, त्यांनी तोवर रिपीटरवर भागवावं आणि काम सुरू झालं की प्रत्येक खोलीपर्यंत रिकामा पाइप टाकून आत नायलॉनची दोरी सोडून ठेवायला सांगावं. वायर नंतर केव्हाही ओढता येते.